फिकट टाकली, पिवळी ठेवली

कॉलेजच्या पगारपत्रकावर तिचं नाव होतं, पण त्या नावाने कोणी तिला हाक मारल्याचं ऐकिवात नाही. पोरं तिला अगारमावशी म्हणायची. अगार म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेली पांढरी पूड. पाण्यात उकळून गार केली की ती थुलथुलीत घट्ट होते आणि तिच्यावर जिवाणू पोसता येतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षं मावशी ही पूड तोलत, उकळत आणि काचेच्या बशांत ओतत आली होती. प्राध्यापक शिकवायचे, पोरं शिकायची, परीक्षा व्हायच्या, आणि ऐन वेळी कोणाचं अडू नये म्हणून ही बाई सकाळी साडेसातला येऊन शेगडी पेटवायची.

वेळापत्रकात कोणाचंही नाव असो, पहिल्या वर्षाचा पहिला तास खरं तर तिचाच असायचा. प्रत्येकाच्या हातात एक बशी देऊन ती सांगायची, "अंगठा टेकव. दाबू नकोस, नुसता टेकव. आता झाकण लाव आणि मागच्या बाजूला नाव घाल." दोन दिवस त्या बशा गरम कपाटात राहायच्या. तिसऱ्या दिवशी बघावं तर अंगठ्याच्या आकारात पांढरे, पिवळे, शेंदरी ठिपके उगवलेले. मुद्दाम साबणाने हात धुऊन आलेली पोरं फारच हिरमुसायची.

"हे जिवाणू," मावशी सांगायची. "एकेका ठिपक्यात कोट्यवधी आहेत. सुरुवात एकाने केली, मग एकाचे दोन, दोनाचे चार. आणि एकेकाचं घर म्हणशील तर एका खोलीचा संसार. स्वयंपाक, झोप, अडगळ, सगळं त्याच खोलीत. आपल्या पेशीत डीएनएला निदान वेगळी खोली असते, याच्याकडे तो मधोमध पडलेला असतो गुंडाळी करून. अगदी माझ्या घरासारखं."

पोरं हसायची. ती विनोद म्हणूनच सांगायची, पण त्यात खोटं काही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर तिची एक खोली होती. तिथे एक शेगडी, एक पलंग आणि दोन खुर्च्या होत्या. दुसऱ्या खुर्चीवर जुनी वर्तमानपत्रं रचलेली असायची. आई होती तोवर ती खुर्ची मोकळी असे. आई गेली, मग वर्तमानपत्रं बसली.

"आणि विषाणूचं घर कसं असतं, मावशी?" एखादं चुणचुणीत पोर विचारायचंच.

"त्याला घरच नाही. तो म्हणजे पाकिटात घातलेली चिठ्ठी. खात नाही, पीत नाही, वाढत नाही. नुसता पडून राहतो. पण एकदा का कोणाच्या घरात शिरला, की त्या घरातली सगळी माणसं आपापली कामं टाकून त्याच चिठ्ठीच्या नकला करत बसतात. घर मोडेपर्यंत."

"म्हणजे तो जिवंत असतो की नसतो?"

"कोणाकडे गेला तर असतो," मावशी म्हणायची. "एकटा असला तर नसतो."

हे तिचं उत्तर परीक्षेत लिहून एका मुलाने निम्मे गुण घालवले होते, आणि तरीही तो पुढे भेटला तेव्हा तिला म्हणाला की लक्षात तेवढंच राहिलं. लक्षात राहिलं म्हणाला, पण परत काही आला नाही. कॉलेजातली पोरं अशीच. तीन वर्षं मावशी-मावशी करून डोकं खातात आणि चौथ्या वर्षी रस्त्यात ओळखही देत नाहीत. नवीन येतात ती पुन्हा अठराचीच. त्या इमारतीत वय वाढायचं ते एकट्या मावशीचं.

आता पिवळीची गोष्ट सांगायला हवी, कारण मावशीचं आयुष्य म्हणजे जवळपास तीच गोष्ट आहे.

मावशी बाविसाव्या वर्षी नोकरीला लागली तेव्हा विभागप्रमुख होते ते सर. उंच, किडकिडीत, शिस्तीचे कडक. त्यांचा एक नियम सगळ्या विभागाला पाठ होता: नोंदवहीत पेन्सिल चालणार नाही आणि खाडाखोड चालणार नाही. चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खरं काय ते लिहायचं. सरांनी मागच्या अंगणातल्या एका झाडाच्या मुळापाशी माती उकरली आणि त्या मातीतून एक पिवळा जिवाणू वेगळा काढला. बियाण्याला लागणारी बुरशी त्याच्या आसपास फिरकत नव्हती. सरांचं म्हणणं होतं की ही जात नवी आहे, आजवर कोणी पाहिलेली नाही. इतरांचं म्हणणं होतं की नसावी. त्या काळी डीएनए वाचून निकाल लावायची सोय त्यांच्या आवाक्यात नव्हती. सरांनी एक छोटा लेख छापला, दोन-चार पत्रं आली, आणि ते तेवढ्यावरच राहिलं.

सर निवृत्त झाले त्या दिवशी शीतकपाटासमोर उभं राहून त्यांनी मावशीला सांगितलं, "बाई, एवढी एक सांभाळा. बाकीच्या कुठूनही मागवता येतील. ही मात्र जगात दुसरीकडे नाही."

सांभाळायचं म्हणजे काय, तर दर अठ्ठावीस दिवसांनी नव्या नळीत नेऊन ठेवायचं. जिवाणू नळीतलं अन्न संपवतो आणि आपल्याच घाणीत मरतो. मरायच्या आत तारेच्या टोकावर किंचितसा उचलून नळी तिरकी ठेवून गोठवलेल्या ताज्या अगारच्या उतारावर एक नागमोडी रेघ ओढायची, कापसाचा बोळा लावायचा, दोन दिवस उबेत ठेवायचं आणि मग शीतकपाटात. सरांनी गोठवून वाळवलेल्या सहा कुप्याही करून ठेवल्या होत्या, पण त्या नीट बंद झाल्या नव्हत्या आणि दोन वर्षांत वाया गेल्या. तेव्हापासून सारा भार नळीवर.

चोवीस वर्षं मावशीने हे केलं. तीनशेच्या वर वेळा. तीन आठवड्यांपेक्षा जास्त रजा तिने कधी घेतली नाही. दूर गावी राहणारी बहीण चिडवायची, "तुझ्या त्या पिवळ्या बाळाला पाळणाघरात ठेव आणि ये की महिनाभर." मावशी म्हणायची, "जमायचं नाही ग, तारीख येते." खरं सांगायचं तर बहिणीच्या घरातल्या गर्दीत तिला आणखीनच एकटं वाटायचं, आणि पिवळीचं निमित्त आयतंच हाताशी होतं. निदान कोणीतरी तिच्यावाचून अडून राहिलं आहे, असं तरी म्हणता यायचं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सरांना फोन करायची. सर शहराच्या पलीकडच्या टोकाला मुलीकडे राहायचे. बायको गेलेली, मुलगा परदेशात.

"पिवळी कशी आहे?" सर विचारायचे.

"मजेत आहे, सर."

"रंग?"

"छान धरलाय."

दोन मिनिटांत फोन संपायचा. पण त्या दोन मिनिटांसाठी मावशी आदल्या दिवसापासून मनात वाक्यं जुळवत असायची. तिला सरांबद्दल तसलं काही वाटत होतं का, असा संशय कोणी घेईल. तसं काही नव्हतं. जगात एक माणूस तिला ठरावीक दिवशी ठरावीक प्रश्न विचारत होता आणि उत्तराची वाट बघत होता. एवढंच होतं, आणि ते तिला पुष्कळ होतं.

दोन वर्षांपूर्वी नव्या विभागप्रमुख आल्या. वयाने मावशीच्या भाचीएवढ्या. चटपटीत, कामाला वाघ, मनाने चांगल्या. मावशीच्या निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा त्यांनीच विषय काढला.

"मावशी, तुम्ही गेल्यावर ही पिवळी कोण बघणार? मला वेळ नाही, खोटं कशाला बोलू. आपण ती मोठ्या संग्रहालयात देऊन टाकू. ते जिवाणू कायमचे गोठवून ठेवतात. नंबर देतात. ज्यांनी शोधली त्यांचं नाव लावतात."

"सरांचं?"

"सरांचंच. फक्त आधी डीएनए वाचून घ्यावा लागतो. नवी जात असेल तर मग बघायलाच नको."

त्या रविवारी मावशीने फोनवर हे सांगितलं तेव्हा सरांनी तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग हळूच म्हणाले, "नंबर मिळेल?"

"मॅडम म्हणाल्या मिळेल."

पुढच्या रविवारी सरांचाच फोन आला. चोवीस वर्षांत असं झालं नव्हतं. मग ते बुधवारीही करू लागले. "आला का निकाल?" चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस दहावीच्या निकालाला बसल्यासारखा बसला होता. एकदा सरांच्या मुलीने फोन घेतला आणि म्हणाली, "बाबांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवलंय. परवा तर न्हाव्यालाही सांगितलं. तुमच्यामुळे किती दिवसांनी तरतरी आलीय त्यांना." मावशी फोन ठेवून बराच वेळ हसत बसली. हसायला समोर कोणी नव्हतं, पण हसली.

निकाल आला त्या दिवशी मावशी बशा ओतत होती. मॅडमनी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मॅडम दार कधी लावत नसत.

"बसा, मावशी."

"अगार घट्ट होईल. उभीच बरी आहे."

"ही मातीतली नाही," मॅडम म्हणाल्या. "ही त्वचेवरची आहे. माणसाच्या. अगदी सर्रास आढळणारी."

मावशीला आधी वाटलं, नळीच चुकली असणार. तिने तसं विचारलंही. मॅडमनी शांतपणे सगळं समजावलं. प्रत्येक जिवाणूच्या डीएनएत एक तुकडा असा असतो की तो पिढ्यान्‌पिढ्या फारसा बदलत नाही. आडनावासारखा. तो वाचला की घराणं कळतं. तीन नळ्यांतून तीनदा वाचला. तिन्ही वेळा तेच घराणं निघालं. शंभरातली नव्व्याण्णवहून जास्त अक्षरं जुळत होती.

"सरांची काडीसारखी लांब होती," मावशी म्हणाली.

"ही गोल आहे. चार-चारच्या पुंजक्यांत. सूक्ष्मदर्शकाखाली पाच मिनिटांत कळलं असतं." मॅडमना लगेच वाटलं की हे बोलायला नको होतं. "म्हणजे कोणीही बघितलं असतं तर. चूक तुमची एकटीची नाही. हे काम प्राध्यापकांचं होतं."

मावशीने गेल्या चोवीस वर्षांत हजारो काचपट्ट्या रंगवल्या होत्या, पोरांना सूक्ष्मदर्शक लावून दिले होते, एका नजरेत काडी कुठली आणि गोल कुठला हे ओळखून दिलं होतं. एकदाही तिने पिवळीची पट्टी करून पाहिली नव्हती. रोजच्या ओळखीच्या माणसाकडे कोणी ओळखपत्र मागतं का? ती रंग बघायची. रंग बरोबर असला की तिच्या जिवात जीव यायचा.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने कपाटातून जुन्या नोंदवह्या काढल्या. सात होत्या. प्रयोगशाळेच्या लांब ओट्यावर त्या मांडून ती पहिल्या पानापासून वाचू लागली. तारीख, नळी, वाढ, रंग. तारीख, नळी, वाढ, रंग. शाई बदलत होती, अक्षर तेच. दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या वहीत, सर निवृत्त झाल्यानंतरच्या नवव्या वर्षी, तिला ती ओळ सापडली.

"आज शुद्धता तपासायला बशीवर रेघा ओढल्या. दोन प्रकार दिसले. एक फिकट, जवळजवळ पांढरा, पण वाढ चांगली. दुसरा ठसठशीत पिवळा. फिकट टाकली, पिवळी ठेवली."

खाली तिची सही.

तिने ओळ वाचली आणि तिला तो दिवस आठवला. काही विशेष घडलं नव्हतं त्या दिवशी. ताप नव्हता, घाई नव्हती, कोणी गेलेलं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, चूक त्याच्या माथी मारता आली असती. उलट ती फार खूश होती. बशीत परकं काहीतरी शिरलं होतं आणि ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पकडलं होतं. पहिल्या रविवारी तिने सरांना फोनवर सांगितलंही होतं, "एक घाण शिरली होती, सर, पण मी काढून टाकली." आणि सर म्हणाले होते, "शाबास, बाई." छत्तीस वर्षांतली ती एकच शाबासकी.

आता तिला सगळा उलगडा झाला. डीएनएची नक्कल करताना कधी एखादं अक्षर चुकतं, हे ती दरवर्षी पोरांना सांगायची. बहुतेक चुका उमटतही नाहीत. एखादी मात्र अशा ठिकाणी पडते की रंग बनवणारं कामच थांबतं. सरांची जात तशीच फिकट पडली असणार. बाकी काही बिघडलं नव्हतं, वाढ चांगली होती, तिनेच तसं लिहून ठेवलं होतं. त्याच सुमाराला कोणाच्या तरी बोटावरून, श्वासातून, बाहीवरून त्वचेवरचा एक पिवळा जिवाणू नळीत पडला. दोघी शेजारी उगवल्या. आणि मावशीने घरच्या लेकीचा चेहरा उतरला म्हणून तिला बाहेर काढलं आणि पाहुणीला घरात घेतलं. त्यानंतर पंधरा वर्षं तिची उस्तवार केली.

ती ओट्यावर डोकं टेकून रडली. अगदी मनसोक्त रडली. इमारतीत कोणी नव्हतं, तेव्हा तोंडावर पदर धरायचीही गरज नव्हती.

सकाळी तिने मॅडमना ओळ दाखवली. मॅडमनी ती दोनदा वाचली.

"मावशी, एक सांगू? सरांना हे कळवायचं कारण नाही," त्या म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. म्हणा, नंबर मिळाला. मी एक छान पत्र टाइप करून देते. कोण तपासायला जाणार आहे? त्यांचे उरलेले दिवस आनंदात जातील, आणि तुमचेही."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. मायेपोटीच बोलत होत्या. आणि मावशीलाही दिवसभर तेच पत्र डोळ्यांसमोर दिसत होतं. पत्र नेलं की सर ते घडी घालून खिशात ठेवतील, न्हाव्याला दाखवतील. रविवारचे फोन चालू राहतील. "पिवळी कशी आहे?" "मोठ्या संग्रहालयात आहे, सर, मजेत आहे." आणि खरं सांगितलं तर? मग पहिल्या रविवारी तिने कोणत्या तोंडाने फोन करायचा, आणि करून कशाबद्दल बोलायचं? निवृत्तीनंतर तिच्याकडे त्या फोनाखेरीज काही उरणार नव्हतं. बहीण होती, पण बहिणीला नातवंडं होती.

"आणि नळ्यांचं काय करायचं?" तिने संध्याकाळी मॅडमना विचारलं.

"कशाला ठेवायच्या? ही तर कुठल्याही पोराच्या अंगठ्यावर मिळते."

ते खरंच होतं. मावशीने तिन्ही नळ्या जाळीच्या डब्यात ठेवल्या आणि डबा ऑटोक्लेव्हमध्ये उतरवला. कुकरचाच थोरला भाऊ तो, वाफेच्या दाबाखाली एकशे एकवीस अंशांवर काहीही मारतो. पंधरा मिनिटं झाल्यावर तिने आच बंद केली. दाब आपोआप उतरेपर्यंत झाकण उघडायचं नसतं. तेवढा वेळ ती शेजारी स्टुलावर बसून राहिली आणि तिसरी वही मांडीवर घेऊन तिने त्या ओळीवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: "चूक. फिकट तीच मूळ होती. ठेवलेली पिवळी त्वचेवरची. कोणाच्या, ते माहीत नाही." तारीख घातली आणि सही केली. मॅडमनी पत्र टाइप करून टेबलावर ठेवलं होतं. तिने ते घेतलं नाही.

रविवारी ती फोन न करता स्वतःच गेली. दोन बस बदलून दीड तास लागला. सरांच्या मुलीने दार उघडलं आणि तिला बघून खुलली.

"बाबा, बघा कोण आलंय. निकाल घेऊनच आल्या असतील."

सर सज्ज्याला लागून असलेल्या लहानशा खोलीत होते. अंगात इस्त्रीचा सदरा होता आणि केस नीट विंचरलेले. रविवारी फोनवर बोलायचं म्हणूनही ते असे तयार होऊन बसत असतील, हे मावशीला कधी सुचलं नव्हतं. त्यांच्या टेबलावर त्यांच्या लेखाची पिवळी पडलेली छापील प्रत काढून ठेवली होती.

"मिळाला?" सर म्हणाले.

"नाही, सर."

तिने वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. डीएनएचं आडनाव, गोल जिवाणू, तीन नळ्या. काही गाळलं नाही आणि स्वतःच्या बाजूने काही घातलं नाही. फक्त शाबासकीचं तिने सांगितलं नाही. ती वहीत लिहिलेली नव्हती.

सरांनी भिंग घेतलं आणि ओळीवरून हळूहळू फिरवलं.

"जवळजवळ पांढरा, पण वाढ चांगली," त्यांनी मोठ्याने वाचलं. "ही माझी होती."

"हो, सर."

"रंग तेवढा गेला होता तिचा. बाकी सगळी तीच होती."

"हो, सर."

"टाकली कशी?"

"ऑटोक्लेव्ह करून. पंधरा मिनिटं."

सरांनी मान हलवली. पद्धत बरोबर होती. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं, लेखाची प्रत उचलली, ड्रॉवर उघडून आत टाकली आणि ड्रॉवर लावला. मुलगी चहाचे दोन कप घेऊन आली, वडिलांचा चेहरा बघून कप ठेवून लगेच आत गेली.

"तुम्ही मला हे सांगायला नको होतं," सर म्हणाले.

मावशीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "सर, तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं. ठाऊक आहे काय शिकवलं ते. चूक शाईत लिहा, झाकू नका, सगळ्यांना दिसू द्या." त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, थकलेला होता. "तेव्हा माझ्याकडे बाकीचं पुष्कळ होतं, बाई. बायको होती, मुलं होती, विभाग होता. एक पिवळी गेली असती तर मी दुसरी शोधायला लागलो असतो. आता माझ्याकडे तेवढी एकच होती."

मावशीने वही ओढून घेतली आणि मिटली. माफी मागायची म्हणून ती दीड तास बसमध्ये वाक्यं जुळवत आली होती, त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. जे तोंडून बाहेर पडलं ते तिने जुळवलेलं नव्हतं.

"माझ्याकडे तेव्हाही तेवढी एकच होती, सर."

सरांनी वर पाहिलं. बारा वर्षं त्यांनी या बाईचे हात पाहिले होते. तारेचं टोक आचेत लाल करणारे, बोळा करंगळीत धरून नळी तिरकी करणारे, चुकत नाहीत म्हणून विश्वासाचे वाटणारे. त्यानंतर चोवीस वर्षं आवाज ऐकला होता. आता ते चेहऱ्याकडे बघत राहिले, जरा गोंधळून.

"घरी कोण असतं तुमच्या?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं.

"कोणी नाही," मावशी म्हणाली. मग ती त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली, आणि सरांनी चहाचा एक कप तिच्याकडे सरकवला.